आई, ह्या वेळी तुझं नाव आधी

पुणे, २७ मार्च २०२१

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर तिसऱ्यांदा तेच झालं. मी कोरोनाच्या लशीचं विचारलं, बाबा म्हणाले, "बघू, गर्दी ओसरू दे." मागून आईचा आवाज आला, "आधी ह्यांचं होऊ दे. माझं काय, मी घरातच असते." आणि रेंज गेली. म्हणून आज नीट बसून लिहितेय. दादा उद्या गावी निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देते. बाबांच्या हातात कागद आला की काम होतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

बाबा, गर्दी ओसरणार नाहीये. साठीच्या पुढच्यांना १ मार्चपासूनच लस सुरू झाली, म्हणजे तुमचा दोघांचा नंबर लागून महिना होत आला. आता १ एप्रिलपासून पंचेचाळीसच्या वरच्या सगळ्यांना मिळणार आहे. तेव्हा रांग वाढेलच. काकालाही सांगा, बावन्नचा असला तरी त्याला आता डॉक्टरांचा दाखला लागणार नाही. मधुमेहाच्या दाखल्यासाठी तो उगाच अडून बसला होता.

नावनोंदणी मी इथून करते, तुम्ही फक्त फोन जवळ ठेवा. कोविन ह्या लशीच्या सरकारी साइटवर मोबाईल नंबर टाकला की त्यावर सहा आकडी ओटीपी येतो आणि तो तीन मिनिटांत भरावा लागतो. मी माझा नंबर घालणार होते, पण मग तारखेचे आणि नंतरचे सगळे मेसेज माझ्याकडे येतील आणि ऐनवेळी तुम्ही तिथे खोळंबाल. त्यामुळे बाबांचाच नंबर घालू. एका नंबरावर चौघांची नावं बसतात, तेव्हा आईला वेगळा फोन लागत नाही. त्यानंतर ओळखपत्र, त्यावर जसं आहे अगदी तसंच नाव, आणि जन्माचं साल. बाबांचं फोटोचं पेन्शन पासबुकही चालतं, पण दोघांचं आधारच घालू या. आई, तुझ्या मतदान कार्डावर अजून माहेरचं नाव आहे, ते नेऊ नकोस. ज्या कार्डावर नोंदणी केली तेच तिथे तपासतात. एवढं झालं की पिनकोड टाकून जवळचं केंद्र आणि तारीख निवडायची. तुमच्यासाठी मी तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय बघतेय. सरकारी केंद्रात लस फुकट आहे, खाजगीत एका डोसचे २५० रुपये पडतात. पैशाचा प्रश्न नाही, पण तुम्हाला उगीच शहरापर्यंत दगदग नको.

ओटीपी मी फोनवर असेन तेव्हाच आणि मलाच सांगायचा. "लशीसाठी नाव घालतो, ओटीपी सांगा, आधार नंबर सांगा," असे फोन लोकांना येताहेत. सरकारी माणूस घरी फोन करून असं काही विचारत नाही. बाबा, तुम्ही कुणालाही चटकन नाही म्हणत नाही, म्हणून हे दोनदा लिहिलं असतं तरी कमीच.

आता शेजारच्या काकूंचं सांगते, कारण खरं म्हणजे त्यांच्यामुळेच मी हे पत्र लिहायला घेतलं. काका एकोणसत्तरचे, काकू चौसष्टच्या. मी त्यांना घेऊन इथल्या एका रुग्णालयात गेले होते. नोंदणी त्यांनी मुलाकडून करून घेतली होती. काकूंनी आदल्या रात्रीच पिशवी भरून ठेवली होती. काकांची फाईल, काकांच्या गोळ्या, पाण्याची बाटली, बिस्किटं, काकांचा स्वेटर. दारातल्या टेबलावरच्या मुलीने यादी बघितली, काकांच्या नावापुढे खूण केली आणि विचारलं, "आजी, तुमचं?" काकू म्हणाल्या, "माझं काय, मी ह्यांच्यासोबत आलेय." त्यांचं नाव मुलाने घातलंच नव्हतं, आणि त्यांनीही घाल म्हणून सांगितलं नव्हतं. ती मुलगी भली होती. म्हणाली, तुमचं वय बसतंय, कार्ड द्या, इथल्या इथे नोंदवते. काकूंनी पिशवी दोनदा उपसली. कार्ड घरी, कपाटात. काकांना लस मिळाली आणि काकू तशाच परत आल्या. रिक्षात त्या बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, काहीच बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात मी त्यांना पुन्हा घेऊन गेले, तेव्हा झालं.

आई, तू हुबेहूब असंच करशील. म्हणून सांगते, पिशवी भरताना तुझं कार्ड सगळ्यात आधी.

तिथे काय होतं ते मी बघून आलेय, तेव्हा घाबरण्यासारखं काही नाही. दारात कार्ड आणि यादी बघतात, आत पुन्हा कॉम्प्युटरवर नाव तपासतात, मग लशीच्या खोलीत पाठवतात. नर्सने निळ्या डब्यातून काचेची एवढीशी बाटली काढली, अंगठ्याएवढी. कोव्हिशिल्ड ह्या लशीच्या अशा एका बाटलीत दहा जणांची लस असते, प्रत्येकाला अर्धा मिली. बाटली एकदा उघडली की चार तासांत संपवावी लागते, म्हणून माणसं जमेपर्यंत कधी कधी थांबवून ठेवतात. तेव्हा चिडू नका, सकाळी लवकर जा आणि घरून खाऊन जा. उपाशी जायचं नाही. बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या रोजच्यासारख्या घ्यायच्या. सुई डाव्या दंडात देतात. बाबा, सैल बाह्यांचा सदरा घाला आणि आई, तू तो घट्ट बाह्यांचा ब्लाउज त्या दिवशी नको घालूस. नंतर अर्धा तास तिथेच बसवून ठेवतात, कुणाला पुरळ उठलं किंवा दम लागला तर लगेच बघता यावं म्हणून. तो अर्धा तास पूर्ण बसा. एसटी चुकली तर दुसरी मिळेल.

बाबांच्या रक्त पातळ करायच्या गोळीबद्दल डॉक्टरांशी बोलले. गोळी बंद करायची नाही. आधी नर्सला सांगायचं की मी ही गोळी घेतो, आणि सुई काढल्यावर कापूस चोळायचा नाही, पाच मिनिटं घट्ट दाबून धरायचा. गोळीचं पाकीट खिशात ठेवा म्हणजे नाव आठवायला नको.

त्या रात्री दंड दुखेल, कणकण येईल, अंग मोडून येईल. काकूंना दीड दिवस ताप होता, पॅरासिटामॉलने उतरला. आई, अंगावर काढून चुलीशी उभी राहू नकोस. दादाला मी सांगून ठेवलंय, दोन दिवस डबा त्याच्याकडून येईल.

कोणती लस चांगली, हे बाबांनी विचारलं होतं. केंद्रावर जी असेल ती घ्यायची, त्यात अडून बसू नका. कोव्हिशिल्ड इथे पुण्यातच सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. कोव्हॅक्सिन हैदराबादच्या भारत बायोटेकची, पण तिच्यासाठीचा विषाणूसुद्धा पुण्याच्याच एनआयव्ही ह्या विषाणू संस्थेत वेगळा केला होता. लक्षात एवढंच ठेवायचं की पहिला डोस जिचा, दुसराही तिचाच. कोव्हिशिल्ड मिळाली तर दुसऱ्या डोससाठी सहा ते आठ आठवड्यांनी जायचं, ह्याच आठवड्यात तसं नवीन सांगितलंय. कोव्हॅक्सिन असेल तर चार ते सहा आठवड्यांनी. पहिल्या डोसनंतर मिळणारा कागद देवघराच्या खणात ठेवा, तिथलं काही हरवत नाही. आणि दुसरा डोस होऊन दोन आठवडे गेल्याशिवाय पूर्ण संरक्षण मिळत नाही, तोवर पारावर मास्क न लावता बसायचं नाही, बाबा. त्यानंतरही मास्क असू द्याच.

"लस घेऊनही लोक आजारी पडतात," असं तुम्ही म्हणालात. पडतात. पण ही लस माणूस ऑक्सिजनवर जाण्यापासून वाचवण्यासाठी आहे, आणि मला तुमच्या बाबतीत भीती तेवढीच आहे. रात्री फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येतो. हे मी फोनवर कधी बोलले नाही.

बाबा, तुम्ही हे माझ्यापेक्षा जास्त जाणता. पल्स पोलिओच्या रविवारी शाळेच्या व्हरांड्यात तुम्ही बूथवर बसायचात आणि मी तुमच्या शेजारी बसून पोरांच्या करंगळीवर पेनाची खूण करायची. वाडीवरच्या एका घराने नातवाला आणायला नकार दिला, तर दुपारच्या उन्हात तुम्ही स्वतः चालत गेलात आणि पोराला खांद्यावर घेऊन आलात. आजची तारीख बघा. २०१४ साली ह्याच २७ मार्चला भारत पोलिओमुक्त झाल्याचं जाहीर झालं होतं. तुम्ही पेपरातली बातमी कापून डायरीत चिकटवली होती. आणि तुमच्या दोघांच्या दंडावरचे ते देवीच्या लशीचे वण, लहानपणी मी त्यांवर बोट फिरवत झोपायची. तुम्हालाही तेव्हा कुणीतरी हाताला धरून नेलंच असेल. ह्या वेळी न्यायला मी तिथे नाही, होळीलाही येता येत नाहीये, म्हणून जीव जास्त तुटतो.

मंगळवारी, ३० तारखेला, रात्री आठ वाजता फोन करेन. फोन चार्ज करून ओट्यावर बसा, तिथे रेंज असते. दोघांची आधार कार्डं आणि बाबांचा चष्मा जवळ असू दे. आणि आईला शेजारी बसवा, स्वयंपाक आधी उरकून. पहिलं नाव मी तिचं घालणार आहे.

तुमची,
धाकटी