सदऱ्याचा रंग परत आणणाऱ्या काकूंस

आदरणीय काकूंस,
सादर नमस्कार.

आपण माझ्यासाठी दोन संध्याकाळी खर्ची घातल्यात. त्याबद्दल समोरासमोर आभार मानायला गेले, तेव्हा "त्यात काय एवढं?" म्हणून आपण विषयच बदललात. म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि ते सर्वांना वाचता येईल असे लिहिते आहे. कारण ज्या चुका मी केल्या, त्या घरी कपडे रंगवू पाहणारी पुष्कळ माणसे करतात, आणि प्रत्येकाच्या शेजारी आपल्यासारख्या काकू असतीलच असे नाही.

आपल्याकडे येण्याआधी मी एक सुती ओढणी रंगवून पार बिघडवली होती. सर्व प्रकारच्या कापडांना चालेल असे पाकिटावर लिहिलेली लाल पूड आणली, ओढणी जेमतेम मावेल अशा पातेल्यात ती उकळली आणि कुठेतरी ऐकले होते म्हणून शेवटी व्हिनेगर ओतले. जिथे कापडाची घडी दबून राहिली तिथे पांढुरके पट्टे पडले, आणि पहिल्याच धुण्यात सुटलेल्या रंगाने एक पांढरी चादर गुलाबी झाली. तो प्रकार ऐकून आपण रागावला नाहीत. व्हिनेगराचा उपयोग लोकर आणि रेशीम रंगवताना होतो, सुती कापडावर त्याने रंग पक्का होत नाही, आणि अशा मिश्र पाकिटातला सुतासाठीचा रंग धाग्याला नुसता चिकटून राहतो, म्हणून तो धुण्यागणिक थोडा थोडा जात राहतो, हे आपण इतक्या शांतपणे सांगितलेत की माझी उमेद पुन्हा जागी झाली.

मग मी वडिलांचा सदरा आणला. खांद्यांवर आणि पाठीवर तो विटून राखाडी झाला होता, पण कॉलर उलटली की आत मूळच्या निळ्या रंगाची बोटभर पट्टी तशीच्या तशी होती. मला तो लालसर तपकिरी करायचा होता. आपण रंगाबद्दल एक शब्दही बोलला नाहीत. आधी शिवणीच्या आतून कापडाचा एक धागा ओढून काढलात, चिमट्यात धरून बशीवर पेटवलात, आणि तो कागदासारखा जळून मागे हलकी राख राहिली. नंतर शिवणीचा दोरा तसाच पेटवलात, तेव्हा तो आक्रसला आणि टोकाला कडक काळा मणी झाला. "कापड सुती आहे, दोरा पॉलिस्टरचा. कापडावर रंग चढेल, शिवणी होत्या तशाच राहतील. चालेल ना?" असे आपण विचारलेत. रंगवायला घेण्याआधी कपडा कशाचा आहे हे विचारायचे असते, हेच मला ठाऊक नव्हते. पॉलिस्टरला वेगळ्या जातीचा रंग आणि जवळजवळ उकळते पाणी लागते, हेही तेव्हाच समजले. लालसर तपकिरी रंगाचा माझा हट्टही तिथेच सुटला. कपड्याचा रंग भिंतीच्या रंगासारखा खालचे झाकत नाही, तो पारदर्शक असतो, त्यामुळे निळ्यावर लाल चढवला तर जांभळट छटा येते, हे आपण दोन रंगीत काचा एकमेकींवर धरून दाखवलेत. शेवटी गडद निळा ठरला.

आपण केलेले मोजमाप मी वहीत उतरवून ठेवले आहे. कोरड्या सदऱ्याचे वजन २५० ग्रॅम भरले, म्हणून ५ लिटर कोमट पाणी, २५० ग्रॅम मीठ, ५० ग्रॅम धुण्याचा सोडा, आणि रंग कापडाच्या वजनाच्या ४ टक्के, म्हणजे १० ग्रॅम. पूड मोजताना नाकावर मास्क हवाच, आणि रंगाचे भांडे पुन्हा स्वयंपाकाला वापरायचे नाही, या दोन्ही बाबतींत आपण अजिबात सूट दिली नाहीत. ते योग्यच होते. मीठ रंग पक्का करत नाही, हे मला नवीन होते. पाण्यात सूत आणि रंग एकमेकांना किंचित दूर लोटतात, मीठ ती ओढाताण कमी करून रंगाला धाग्याजवळ आणते, आणि धाग्याशी कायमची गाठ पडते ती सोडा पाण्यात मिसळल्यानंतर. खाण्याचा सोडा त्या मानाने फार सौम्य पडतो.

पहिली वीस मिनिटे आपण मला हात थांबवू दिला नाहीत. ओढणीवर पट्टे का पडले होते, ते भरपूर पाण्यात मोकळा फिरणारा सदरा पाहूनच उमगले. सोडाही कपड्यावर थेट न टाकता वेगळा विरघळवून, सदरा बाजूला सारून, तीन वेळा थोडा थोडा घातलात. त्यानंतरच्या तासाभरात, ढवळता ढवळता, १८५६ साली मलेरियावरचे क्विनाइन प्रयोगशाळेत बनवू पाहणाऱ्या अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनच्या हाती जांभळा रंग कसा लागला, आणि आपण वापरत होतो त्या जातीचे, म्हणजे धाग्याशीच कायमची गाठ बांधणारे, रिअ‍ॅक्टिव्ह रंग बरोबर शंभर वर्षांनी, १९५६ मध्ये, बाजारात कसे आले, हे आपण सांगितलेत. तो तास माझ्या फार दिवस लक्षात राहील.

पण माझ्या मते आपली खरी मदत दुसऱ्या संध्याकाळची. सदरा सुंदर दिसत होता, आणि मी एकटी असते तर एकदा खळबळून वाळत घातला असता. काही रंग धाग्याशी न जुळता पाण्याशीच जुळून बसतो, आणि तो काढला नाही तर पुढे महिनोन्महिने सुटत राहतो, असे म्हणून आपण तो आधी गार पाण्यात मीठ आणि सोडा जाईपर्यंत धुवायला लावलात, मग कडकडीत पाण्यात थोडा साबण घालून भिजवलात, पुन्हा धुतलात, पुन्हा भिजवलात. मी मोजले, सात पाणी झाले. सातव्या पाण्यात आपण पांढरी चिंधी बुडवून पिळलीत आणि ती पांढरीच निघाली, तेव्हा कुठे सदरा दोरीवर गेला. ओला असताना तो जवळजवळ काळा दिसत होता आणि मी धास्तावले होते. वाळल्यावर हवा तोच निळा उतरला.

कॉलरखालची पट्टी अजूनही बाकीच्या सदऱ्यापेक्षा किंचित गडद आहे, आणि खिशाभोवतीची फिकी टीप निळ्यावर उठून दिसते. मला दोन्ही आवडतात. वडिलांनी तो त्यानंतर चार वेळा घातला, चारही वेळा इतर कपड्यांबरोबर धुतला, आणि कशालाही डाग लागला नाही.

काकू, कपाटात एक फिका पडलेला मफलर आहे. आपण शिकवल्याप्रमाणे त्याचा धागा जाळून पाहिला, तर जळक्या केसांसारखा वास आला आणि राख बोटांत सहज चुरली, म्हणजे तो लोकरीचा असावा. व्हिनेगर आता कुठे घालायचे ते कळले आहे, पण लोकर आटू न देता पाणी किती सावकाश तापवायचे ते आपल्याच हाताखाली शिकायचे आहे. आपल्या सवडीचा दिवस कळवावा. मफलरचे वजन मी करून ठेवले आहे, १८० ग्रॅम.

आपली ऋणी,
सदरेवाल्यांची मुलगी