विषय : ८×४२ दुर्बीण सदोष असल्याबाबत आणि ‘एक डोळा मिटून बघा’ या तुमच्या उत्तराबाबत

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक यांस,

महोदय,

तासाभरापूर्वी तुमच्या ग्राहक सेवा विभागातल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी मी बोलत असताना फोन ठेवला. जे बोलायचं राहिलं ते आता लेखी देते. हे पत्र मी त्या विभागाला पाठवत नाही. तिथे माझी तक्रार दरवेळी ‘निवारण झाले’ म्हणून बंद केली जाते आणि तसा मेसेज मला येतो. निवारण काहीही झालेलं नाही. दुर्बीण माझ्यासमोर टेबलावर आहे. तिच्यातून आजही एका विजेच्या खांबाचे दोन खांब दिसतात आणि डाव्या नळीच्या आत ओल आहे.

वस्तू तुमची आहे, त्यामुळे ती काय आहे हे मी सांगायला नको. रूफ प्रिझमची (सरळ नळ्यांची), हिरव्या रबराची ८×४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढची काच ४२ मिलिमीटरची. किंमत १६,९९० रुपये, वॉरंटी पाच वर्षांची. खोक्यावर छापलंय : बीएके-४ प्रिझम, फुली मल्टिकोटेड, नायट्रोजन भरलेली, वॉटरप्रूफ, फॉगप्रूफ, आय रिलीफ (पूर्ण दृश्य दिसत राहील असं डोळ्याचं काचेपासूनचं अंतर) १७ मिलिमीटर. यातला एकेक शब्द वाचून, दुसऱ्या कंपन्यांच्या आकड्यांशी ताडून मी ती घेतली. मी इंदापूर तालुक्यात राहते. इथे दुकानात जाऊन चार दुर्बिणी डोळ्याला लावून बघायची सोय नाही. आमच्यासारख्यांना खोक्यावरचे आकडे वाचूनच निवड करावी लागते. ते आकडे खोटे निघाले तर आम्ही निवड कशाच्या भरवशावर करायची?

८×४२ का घेतली तेही सांगते, कारण तुमच्या एका प्रतिनिधीने मला ‘पॉवर कमी पडत असेल, फरक भरून २०×५० घ्या’ असं सुचवलं होतं. माझी तक्रार पॉवरची नव्हतीच. वीसपटीची दुर्बीण हातात स्थिर राहत नाही, तिला स्टँड लागतो. दृश्याचा घेर इतका लहान होतो की उडता पक्षी सापडेपर्यंत निघून जातो. उजेडही कमी मिळतो. ५० भागिले २० म्हणजे अडीच मिलिमीटर. एवढ्याच रुंदीचा प्रकाशाचा झोत डोळ्यात येतो. ४२ भागिले ८ केलं तर तो सव्वापाच मिलिमीटर होतो. अंधार पडायला लागला की आपली बाहुली मोठी होते आणि हा फरक डोळ्याला कळतो. दुर्बीण विकणाऱ्या माणसाला एवढा भागाकार यायला हवा.

मला संध्याकाळीच दुर्बीण लागते. आमच्याकडे कडबनवाडीच्या माळावर थंडीत भोवत्या (हॅरियर, शिकारी पक्षी) येतात, हजारो किलोमीटर उडून. दिवसभर गवताला घासून जातील इतक्या खालून तरंगत फिरतात आणि सूर्य कलला की रातथाऱ्याला माळावर, जमिनीवरच उतरतात. बघायची खरी वेळ तीच. मॉण्टेग्यू आणि पॅलिड या दोन जातींच्या माद्या लांबून अगदी सारख्या. दोघी तपकिरी, दोघींच्या शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. पॅलिडच्या मानेवर, कानाजवळच्या काळपट डागाच्या मागे, एक फिकट गळपट्टा असतो. तो दिसला तर ओळख पटते. दिसला नाही तर नोंदवहीत ‘भोवत्या, मादी’ एवढंच लिहून गप्प बसायचं. मी शाळेत शिकवते, माझ्यासोबत निसर्ग मंडळाची मुलं असतात. आम्ही दर हिवाळ्यात या नोंदी ठेवतो. तुमच्या दुर्बिणीतून तो गळपट्टा दिसत नाही, कारण एका पक्ष्याचे दोन पक्षी दिसतात, एक थोडा वर आणि एक थोडा खाली. आठवीतल्या मुलीने पहिल्यांदा डोळ्याला लावली आणि म्हणाली, ‘‘मॅडम, दोन उडतायत.’’ आकाशात एकच होता.

याला काय म्हणतात ते तुमच्या तंत्रज्ञांना माहीत आहे. दोन नळ्या एका दिशेला बघत नाहीत, कॉलिमेशन गेलेलं आहे. डावा डोळा मिटला तर चित्र नीट. उजवा मिटला तरी नीट. दोन्ही उघडले की खांबाच्या आडव्या पट्ट्या एकीवर एक चढतात. डोळे आडवी तफावत थोडीफार सांभाळून घेतात, उभी तफावत त्यांना झेपत नाही. दहा मिनिटांत कपाळ ठणकायला लागतं. हे मला दिसतं, माझ्या मिस्टरांना दिसतं, चष्मा नसलेल्या शेजाऱ्यांना दिसतं आणि मुलांनाही दिसतं.

आता आजच्या फोनबद्दल. हे सविस्तर सांगते, कारण तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये हे असेलच. संवाद गुणवत्तेसाठी ध्वनिमुद्रित केला जातो असं तुमचं यंत्र मला सुरुवातीला ऐकवतं. तुम्ही स्वतः तो काढून ऐकावा.

बराच वेळ संगीत ऐकवल्यावर वरिष्ठ अधिकारी फोनवर आले. मी तक्रार क्रमांक सांगितला. त्यांनी तो उघडलाही नाही, कारण लगेच विचारलं, ‘‘मॅडम, प्रॉब्लेम काय आहे?’’ मी पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘‘तुमचं वय किती?’’ मी म्हटलं, त्याचा काय संबंध? ‘‘नाही, चष्मा लागलाय का?’’ हो, लागलाय. ‘‘मग मॅडम, आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. चाळिशीनंतर असं होतं.’’ मी शांतपणे सांगितलं की डोळे तपासलेले आहेत, आणि हा दोष तेरा वर्षांच्या मुलीलाही दिसतो. त्यावर ते म्हणाले, ‘‘लहान मुलांना दुर्बीण धरता येत नाही.’’ मी म्हटलं, बरं, मला धरता येते ना? वडिलांच्या दुर्बिणीपासून धरत आले आहे. ‘‘मॅडम, आमच्याकडे क्वालिटी चेक होऊनच माल निघतो. बाकी कुणाची तक्रार नाही.’’ मी विचारलं, एक-एक डोळ्याने नीट दिसतं आणि दोन्हींनी दोन दिसतात, याचा तुमच्या तांत्रिक विभागाच्या मते अर्थ काय? थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग हसले. मला ते हसू स्पष्ट ऐकू आलं. आणि म्हणाले :

‘‘मग एक डोळा मिटून बघा ना मॅडम. दिसतंय ना? पक्षीच तर बघायचेत.’’

मी म्हटलं, हे तुम्ही कंपनीच्या वतीने सांगताय का? मला हे ईमेलवर लिहून द्या. त्यावर ‘‘तुम्ही उगाच वाढवताय’’ असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दोन डोळ्यांना मिळून एक चित्र दाखवणं, एवढ्याच कामासाठी दुर्बिणीला दोन नळ्या असतात. एक डोळा मिटूनच बघायचं असतं तर मी एका नळीची घेतली असती, ती याच्या निम्म्या पैशात येते. तुमच्या कंपनीचा जबाबदार माणूस मला सांगतो की तुम्ही विकलेल्या वस्तूचा अर्धाच भाग वापरा. आणि ‘पक्षीच तर बघायचेत’ म्हणजे काय? तुमच्या खोक्यावर तरी दुसरं काय छापलंय? खंड्याचं चित्र आहे! पक्षी बघणाऱ्यांच्या जिवावर तुम्ही या दुर्बिणी विकता आणि आमच्या कामाला फोनवर हसता.

दुसरी गोष्ट धुक्याची. डिसेंबरच्या पहाटे उजनीच्या पाण्यावर, भिगवणच्या बाजूला, गारठा आणि दव असतं. बाहेरच्या काचेवर वाफ धरली तर ती कापडाने पुसली की जाते. ही वाफ आतून धरते. पुसता येत नाही, ऊन चढेपर्यंत जात नाही, आणि गेली की काचेवर पांढुरके ठिपके मागे राहतात. आत कोरडा नायट्रोजन असेल तर वाफ धरायला आत बाष्पच नसतं. म्हणजे एक तर नायट्रोजन भरलाच नव्हता, नाहीतर सील गळतंय. दोन्ही दोष तुमचे.

मी ती पुण्याच्या सर्व्हिस सेंटरला स्वतः एसटीने नेऊन दिली. परत आली तेव्हा जॉब शीटवर शेरा होता : ‘आत ओलावा शिरलेला आहे. ग्राहकाच्या वापरामुळे. वॉरंटी लागू नाही.’ खोक्यावर वॉटरप्रूफ आणि जॉब शीटवर ओलाव्यामुळे वॉरंटी रद्द. हे दोन्ही कागद तुमचेच आहेत. एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवून वाचा आणि मला सांगा, यातला खरा कोणता? दुर्बीण पाण्यात पडलेली नाही. पाऊस तिने पाहिलेलाच नाही. दव लागलं, तेवढंच. आणि दव सोसणार नसेल तर ती ‘आउटडोअर’ म्हणून विकू नका, घरात खिडकीतून बघायला विका.

शिवाय ती तिथे उघडली गेली आहे. उजव्या नळीच्या रबराची कड उचकटून परत चिकटवलेली आहे, खाली गोंदाचा पिवळट ओघळ वाळलाय, आणि प्रिझमचा स्क्रू जिथे असतो तिथे रबर फुगलंय. म्हणजे कॉलिमेशन बिघडलंय हे तुमच्या माणसाला कळलं होतं. त्याने जुळवायचा प्रयत्न केला, जमला नाही, आणि जॉब शीटवर एक अक्षर न लिहिता ती परत पाठवली. उघडली असेल तर आतला वायू गेला. परत भरला का? कोणी, कधी? सर्व्हिस सेंटरला नायट्रोजन भरण्याचं यंत्र तरी आहे का? हे प्रश्न मी तीन ईमेलमध्ये विचारले. उत्तर आलं : ‘आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे.’

वैतागून मी आणखी एक तपासणी केली, तीही तुमच्या तंत्रज्ञांना करून बघता येईल. अंधाऱ्या खोलीत फोकस दूरवर ठेवून आयपीसच्या (डोळ्याला लावतो त्या काचेच्या) मागून, थोडं अंतर राखून, बारीक टॉर्च मारायचा आणि मोठ्या काचेवर ट्रेसिंग पेपर धरायचा. उजेडाचा जो गोल पडतो तेवढीच काच प्रत्यक्षात वापरात असते. माझ्या दुर्बिणीत तो गोल पट्टीने मोजला तर ३७ मिलिमीटर भरतो. काच ४२ची बसवली आणि आत कडीने अडवली, असा याचा सरळ अर्थ होतो. प्रकाशाचा हिशेब क्षेत्रफळाने होतो, म्हणजे पाचव्या हिश्श्याहून जास्त उजेड गेला. संध्याकाळी भोवत्या उतरताना हाच उजेड लागतो. मी पैसे ८×४२चे दिले, हातात ८×३७ आली.

आय रिलीफचंही तेच. डोळ्याजवळचा रबरी कप पूर्ण खाली दाबून चष्म्याने बघितलं तर दृश्याची कड कापली जाते. १७ मिलिमीटर तुम्ही काचेपासून मोजले असतील, पण काच कपाच्या आत खोल बसवली आहे आणि चष्मा टेकतो तो कपाच्या कडेला. चष्मा लावणाऱ्याला कामाचा आकडा कडेपासूनचा. तो छापा.

एवढं सगळं लिहायचा त्रास मी घेतेय, कारण तुमचं नाव आमच्या घरात परकं नाही. माझ्या वडिलांकडे तुमचीच ८×४० पोरो (जुन्या धर्तीची, वाकड्या नळ्यांची) होती. जड, काळी, चामडी पट्ट्याची. वॉटरप्रूफ असल्याचा दावा तिने कधी केला नाही. पावसाळ्यात आम्ही ती सिलिका जेलच्या डब्यात ठेवायचो. तिच्यातून मी पहिल्यांदा धाविक पक्षी पाहिला, माळावर पळून थबकणारा, डोळ्यावरची पांढरी भुवई अगदी स्वच्छ. ती आजही दोन डोळ्यांना एकच चित्र दाखवते. त्या दुर्बिणीच्या विश्वासावर मी दुसऱ्या कंपनीची घेतली नाही, मंडळाच्या मुलांच्या पालकांनाही तुमचंच नाव सांगितलं. त्यातल्या दोघांनी याच मॉडेलसाठी पैसे साठवले होते. त्यांना मी थांबवलं आहे. एका शेतकरी बापाने मुलीसाठी कांद्याच्या पैशातून बाजूला काढलेली ती रक्कम होती. ती तुमच्याकडे गेली असती आणि त्या पोरीलाही तुम्ही एक डोळा मिटायला सांगितलं असतं, या विचाराने मला राग आवरत नाही.

माझी मागणी अशी. संपूर्ण १६,९९० रुपये परत करा. ‘बदलून देऊ’ नको, याच मॉडेलची दुसरी मला नको. पुण्याला जाण्या-येण्याचा खर्च द्या. जॉब शीटवरचा ‘ग्राहकाच्या वापरामुळे’ हा शेरा लेखी मागे घ्या, कारण तो खोटा आहे. आजच्या फोनबद्दल लेखी माफी मागा, त्या अधिकाऱ्यांच्या नव्हे, कंपनीच्या सहीने. आणि खोक्यावरचे आकडे दुरुस्त करा. पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवस वाट पाहीन.

त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि पुणे जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे मी राहते त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, त्यासाठी तुमच्या मुख्यालयाच्या गावी यावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, आणि दोन वर्षांची मुदत माझ्या हातात आहे. खोक्यावरच्या आकड्यांबाबत दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची वेगळी तक्रार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे जाईल. ट्रेसिंग पेपर, जॉब शीट आणि गोंदाच्या ओघळाचे फोटो मी जपून ठेवलेत. दुर्बीण पुराव्यात लावेन, आणि आयोगाच्या सदस्यांनी ती दोन्ही डोळे उघडे ठेवून बघावी अशी विनंती करेन.

सोबत बिल, जॉब शीट, खोक्याच्या चारही बाजूंचे फोटो आणि ईमेलच्या प्रती जोडल्या आहेत. दुर्बीण न्यायची असेल तर तुमचा माणूस घरी पाठवा आणि त्याच्याकडे पोच द्या. यापुढे कुरियरचा किंवा एसटीचा एक रुपयाही मी खर्च करणार नाही.

आपली ग्राहक,
इंदापूर तालुका, जि. पुणे