खोक्यावरचे आकडे मासा वाचत नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत समुद्रातल्या गळाच्या मासेमारीवर अख्खे पान आले. या छंदावर मराठीत फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून आधी आभार. पण त्या पानावरची ‘मध्यम किमतीचे रीळ (रॉडवरचे दोरी गुंडाळायचे यंत्र) कसे निवडाल?’ ही चौकट वाचून राहवेना. नवशिक्यांना त्यात दोन मुख्य कसोट्या दिल्या आहेत: बेअरिंगे जास्त असलेले रीळ घ्या आणि ज्याच्या ‘कमाल ड्रॅग’चा आकडा मोठा ते घ्या (ड्रॅग म्हणजे रिळाचा ब्रेक). या दोन्ही कसोट्यांत पहिला नंबर काढणारे रीळ माझ्याकडे होते. आधी त्याची हकिगत ऐका.

मी गिअरच्या कारखान्यात तपासणी विभागात 29 वर्षे काढली. त्यातली शेवटची 22 वर्षे सुट्टी मिळाली की गरवायला जायचे. आता निवृत्त आहे, आणि ओळखीपाळखीच्या लोकांची रिळे खोलून, पुसून, ग्रीस लावून देते. मी म्हटले त्या रिळाच्या खोक्यावर ‘11 बेअरिंगे, 18 किलो ड्रॅग’ असे ठळक छापलेले होते. कंपनीचे नाव सांगत नाही. हातात घेऊन फिरवले तर लोण्यासारखे फिरायचे. मीही त्यालाच भुलले.

एकदा तेच रीळ घेऊन पॉपर, म्हणजे पाण्यावर फटफटत ओढायचे खोटे आमिष, टाकत होते. तिसऱ्या की चौथ्या फेकीला पाणी फाटल्यासारखे झाले आणि मोठी ट्रेव्हॅली (समुद्रातला दांडगा मासा) लागली. पहिली धाव साठ-सत्तर मीटरची, ती रिळाने निभावली. थोडी दोरी परत आली. दुसऱ्या धावेला मात्र रॉडचे टोक ताप चढलेल्या माणसासारखे थडथडू लागले. ड्रॅग अडकायचा, सुटायचा, पुन्हा अडकायचा. मासा दर वेळी दोरीला हिसका देत होता आणि मी मुठीने नुसती रॉड धरून होते. पाचव्या-सहाव्या हिसक्याला गाठ गेली. गाठ माझीच होती, पण तिला दोष देण्यात अर्थ नव्हता.

घरी येऊन रीळ खोलले. ड्रॅगमध्ये फेल्टचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीसारख्या कापडाचे, वॉशर होते. त्यातला वरचा कोरडा पडून काचेसारखा चकचकीत झालेला. बेलच्या (दोरी स्पूलवर आणणाऱ्या कमानीच्या) तारेशेजारी दोरी जिच्यावरून वळते ती छोटी फिरकी, म्हणजे लाइन रोलर, गंजून जाम झालेली आणि वेणीच्या, म्हणजे बारीक धागे विणून केलेल्या, दोरीने तिच्यात चर पाडलेला. अकरा बेअरिंगांतले नेमके तिच्यातलेच बेअरिंग स्वस्तातले होते. उरलेली दहा अगदी ठणठणीत!

ठरावीक ताणाच्या पुढे ड्रॅग दोरी सोडून देतो, म्हणून दोरी तुटत नाही. आता हा ब्रेक किती सोसतो ते बघा. 8 किलोच्या ड्रॅगवर माशाने 200 मीटर दोरी ओढून नेली तर साधारण 15,700 जूल इतकी ऊर्जा त्या रुपयाएवढ्या-दोन रुपयांएवढ्या वॉशरांत उष्णता होऊन उतरते. एवढ्या उष्णतेत साधे 50 मिलिलिटर पाणी उकळीला येईल. आणि हे सगळे मिनिटाच्या आतबाहेर. म्हणून फेल्टपेक्षा कार्बन फायबरचे वॉशर बरे: तापले तरी त्यांची पकड फारशी बदलत नाही. खोक्यावर हे लिहिलेले नसेल तर माहितीपत्रकात शोधा, तिथेही नसेल तर विकणाऱ्याला ड्रॅगची टोपी काढून दाखवायला सांगा. एक तारेची रिंग आणि तिच्याखाली वॉशरांची चळत, यापलीकडे तिथे फारसे काही नसते.

कमाल ड्रॅगच्या आकड्याबद्दलही सांगते. 18 किंवा 20 किलोचा ड्रॅग लावून हलत्या बोटीत उभे राहून बघा. दहाच्या पुढे फार वेळ तग धरणारी माणसे थोडी, आणि मी त्यांतली नाही. शिवाय ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शावर लावायचा असतो. 50 पौंडी, म्हणजे साधारण 23 किलो ताकदीची दोरी असेल तर 6 ते 7 किलो. उरलेली ताकद गाठीसाठी, खडकाच्या घासणीसाठी आणि पुढच्या एका गोष्टीसाठी राखायची. दोरी जसजशी बाहेर जाते तसतसा स्पूलवरचा, म्हणजे दोरी गुंडाळायच्या चकरीवरचा, घेर आवळत जातो आणि ड्रॅगच्या बटणाला हात न लावताही ताण वाढत जातो. भरलेल्या स्पूलचा व्यास 60 मिलिमीटर असताना 6 किलो लावले असेल, तर दोरी जाऊन व्यास 45 वर आला की तोच ड्रॅग 8 किलो होतो. मासा लांब गेला म्हणून घाबरून बटण पिळणारे लोक मी पाहिले आहेत. तिथेच दोरी तुटते.

आकड्यापेक्षा ड्रॅग सुटतो कसा, हे पाहा. स्प्रिंगच्या काट्याला दोरी बांधा, ड्रॅग 6 किलोवर लावा आणि हळूहळू ओढा. सुटताना काटा साडेआठवर उडी मारून मग सहावर येत असेल तर ते रीळ परत द्या. चांगल्या ड्रॅगचा काटा सहाच्या आसपास नुसता थरथरतो. दुकानात काटा नसतो, तेव्हा मी हाताने ओढते: बोटाला ‘टक्’ असा झटका लागतो का, की दोरी तेल लावल्यासारखी सुटते, ते कळते. अशी दहा-बारा रिळे ओढून पाहिली की बोटे शहाणी होतात.

आता माझ्या धंद्याचा विषय. (कात्री चालवायची असेल तर वरच्या हकिगतीवर चालवा, इथे नको.) ताण नसताना कुठलेही रीळ गुळगुळीत फिरते. खरा प्रश्न ताणाखाली रिळाचे अंग वाकते का, हा आहे. मध्यम किमतीत दोन प्रकारची अंगे मिळतात, धातूची आणि फायबर भरलेल्या प्लॅस्टिकची, ज्याला खोक्यावर दिमाखात ‘ग्रॅफाइट’ म्हणतात. हलक्या माशांना ग्रॅफाइट चालते. पण ट्यूना किंवा मोठी ट्रेव्हॅली ओढू लागली की ते अंग किंचित पिळले जाते, आतल्या गिअरची रेषा ढळते आणि दातावरचा सगळा भार दाताच्या एका कडेवर येतो. कारखान्यात आम्ही गिअरच्या दातांना निळे, म्हणजे निळा रंग, लावून फिरवायचो आणि तो कुठे पुसला जातो ते पाहायचो. एकदा मी दोन रिळांच्या गिअरला तसेच निळे लावले. बांधलेल्या वजनावर पाच-सहा फेऱ्या मारून पुन्हा खोलले. धातूच्या अंगाच्या रिळात दाताच्या मधोमध चांगला रुंद पट्टा पुसलेला. ग्रॅफाइटच्या रिळात नखाच्या कडेएवढी रेघ, तीही दाताच्या टोकाला. ज्याला हे दिसते त्याला बाकी काही समजावून सांगावे लागत नाही. निळे लावायची सोय नसेल तर एका हाताने रिळाचा पाय, दुसऱ्याने फिरणारा रोटर धरून हलकेच पिळून बघा. अंग आणि रोटर यांच्यामधली फट डोळ्यांदेखत लहानमोठी झाली तर समजून घ्या.

गिअर ओतीव जस्ताचा असेल तर तो दोन-तीन हंगामांत खरखरू लागतो. घडीव किंवा यंत्रावर कातलेल्या अॅल्युमिनियमचा मुख्य गिअर आणि पितळेचा पिनियन (त्याला जुळणारा छोटा गिअर) असेल तर मध्यम किमतीत तक्रारीला जागा नाही.

हँडलही पाहा. आरपार षटकोनी दांडा घालून पलीकडून पेच आवळायचा, अशी हँडले काही दिवसांनी खुळखुळतात. थेट मुख्य गिअरमध्ये पेचाने बसणारे हँडल फिरवाल तसे आपोआप घट्ट होत जाते. आणि उलटे फिरणे रोखणारे एकमार्गी बेअरिंग: त्यात कधीही जाड ग्रीस भरू नका. मी ते केले आहे. झटका मारून गळ रुतवायच्या क्षणी ते घसरले, हँडल उलटे गरगरले आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटावर अजून वण आहे. जुन्या काळी तर हे रोजचेच होते. रिळाच्या पोटात ड्रॅग नसायचा, दोरी धावू लागली की हँडलही उलटे धावायचे आणि चामड्याची पट्टी अंगठ्याने दाबून मासा थोपवायचा. 1913 मध्ये कॅलिफोर्नियाच्या कॅटलिना बेटाजवळ विल्यम बॉशन यांनी रॉड-रिळावर पहिला ब्रॉडबिल स्वोर्डफिश काढला, तो पोटात ड्रॅग असलेल्या रिळाच्या जोरावर. बोटे शाबूत राहायची सोय तेव्हापासूनची.

‘वॉटरप्रूफ’ या शब्दालाही जपून राहा. खोक्यावर आयपीएक्स5 असेल तर त्याचा अर्थ नळीच्या फवाऱ्याला टिकते, बुडवले तर टिकेल असा नाही. एक मीटर पाण्यात अर्धा तास ही आयपीएक्स7 ची चाचणी. दोन्ही चाचण्या गोड्या पाण्यात, नव्याकोऱ्या रिळावर होतात. मीठ साचून रबरी कडी कडक झाली की आकडा आकड्याच्या जागी राहतो. म्हणून मी विकत घ्यायच्या आधी एकच विचारते: हा लाइन रोलर मला स्वतःला खोलता येतो का, आणि त्याचे बेअरिंग सुटे मिळते का? ‘नाही’ म्हणाले की खोके परत.

प्रकाराविषयी थोडक्यात. आमिष फेकून गरवायचे असेल तर रॉडखाली लटकणारे स्पिनिंग रीळ. चालत्या बोटीमागे दोरी सोडून ओढायची असेल तर आडव्या स्पूलचे, लिव्हरचा ड्रॅग असलेले. उभे जिगिंग, म्हणजे वजनदार आमिष खाली सोडून वर-खाली हिसके देणे, दोन्हीवर होते. ‘6 च्या वरचा गिअर रेशो घ्या, वेगवान असतो’ असेही चौकटीत म्हटले आहे. रेशो म्हणजे हँडलच्या एका फेरीत दोरी किती वेढे गुंडाळली जाते तो आकडा. वेग खरा, पण तो जोर खातो. 75 मिलिमीटरचे हँडल आणि 30 मिलिमीटर त्रिज्येचा स्पूल धरा. रेशो 5 असेल तर हँडलवर लावलेल्या 10 किलो जोराचे दोरीवर 5 किलो होतात. रेशो 6.2 असेल तर 4. सुरमईसारख्या झपाट्याच्या माशाला वेग हवा. खोल तळाशी बसून राहणाऱ्या माशाला जोर हवा. शेवटी मोठा मासा रिळाने ओढायचाच नसतो. रॉडने उचलायचा आणि रॉड खाली येताना मोकळी झालेली दोरी गुंडाळायची.

आणखी एक, कारण यापायी दरवर्षी तीन-चार रिळे माझ्याकडे ‘ड्रॅग गेला’ म्हणून येतात. खोलून पाहते तर ड्रॅग निरोगी. वेणीची दोरी सरळ गुळगुळीत स्पूलवर गुंडाळलेली असते आणि ताण आला की दोरीचा सगळा गठ्ठाच स्पूलवर घसरत असतो. खाली आठ-दहा मीटर साधी नायलॉनची दोरी गुंडाळा, मग वेणी. दुरुस्ती संपली.

मध्यम किंमत म्हणजे नेमके काय, असे विचाराल तर शिमानोचे स्टेला किंवा डायवाचे सॉल्टिगा ही वरची टोके धरा. त्यांच्या किमतीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शात सारागोसा, सॉल्टिस्ट, पेनचे स्लॅमर अशी रिळे येतात. यांतले अमुकच घ्या असा माझा आग्रह नाही, मात्र ओढून पाहिल्याशिवाय घेऊ नका. एका कंपनीचे 8000 (हा रिळाच्या मापाचा क्रमांक) आणि दुसरीचे 8000 एकाच मापाचे असेल असेही धरून चालू नका. स्पूलवर कोणत्या जाडीची किती मीटर दोरी मावते, तेवढाच आकडा कामाचा. वाचलेले पैसे चांगल्या दोरीत घाला.

परतल्यावर ड्रॅग घट्ट आवळून, गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली रीळ धुवा. जोरदार फवारा मारू नका, तो मीठ आत ढकलतो. सुकले की ड्रॅग सैल करून ठेवा, नाहीतर वॉशर दाबले जाऊन चिकटतात. माझे चकचकीत झालेले वॉशर वर्षभर आवळलेलेच राहिले होते, हे कबूल करते.

आपली जुनी वाचक

ता. क. : लेखासोबतच्या मोठ्या छायाचित्रात स्पिनिंग रीळ रॉडच्या वरच्या बाजूला बसवले आहे आणि तो गृहस्थ हँडल उलट्या दिशेने फिरवत असावा. स्पिनिंग रीळ रॉडच्या खाली लटकते. पुढच्या वेळी छायाचित्र छापायच्या आधी कोणाला तरी दाखवावे.