चिनूचं ऑपरेशन ठरवलंय

ती. आई-बाबा,
सा. न.

चिनूचं ऑपरेशन येत्या मंगळवारी आहे. टॉन्सिल आणि नाकामागच्या ॲडिनॉइड नावाच्या गाठी, दोन्ही काढणार. फोनवर आईचा आवाज ऐकला असता तर माझं धैर्य गळालं असतं, म्हणून पत्र.

बाबा, तुम्ही म्हणता पोर घोरतंय म्हणजे गाढ झोपलंय. पण तो घोरता घोरता गप्प होतो, छाती हलत राहते आणि वाढलेल्या गाठींमुळे श्वास आत जात नाही. मग दचकून एकदम ओढतो. उशी घामाने चिंब. पुन्हा अंथरूण ओलं होतंय तेही बहुतेक यामुळेच, त्यावरून त्याला चिडवू नका. झोपेची तपासणी केली. मुलांमध्ये तासाला 1 पेक्षा जास्त वेळा श्वास अडणं नॉर्मल धरत नाहीत, 10 च्या वर गेलं की तीव्र. त्याचे 14 आले. मोठेपणी ॲडिनॉइड आपोआप बसतात हे खरं, पण तोवर रोजच्या रात्रींचं काय? हाकेला ओ देत नाही तो हट्टीपणा नाही; ॲडिनॉइडमुळे कानाची नळी दाबली जाऊन पडद्यामागे पाणी साचलंय. तेही काढून पडद्यात ग्रोमेट, म्हणजे बारीकशी नळी, बसवणार आहेत. आणि टॉन्सिल गेले म्हणून प्रतिकारशक्ती जात नाही, ते काम करणाऱ्या गाठी शरीरात इतरत्र पुष्कळ आहेत.

आई, नंदूकाकाला भूल दिली तेव्हाचं तुझ्या मनातून जात नाही, कळतं गं मला. म्हणूनच लहान मुलांना भूल देणारे डॉक्टर असलेलं हॉस्पिटल शोधलं. त्या रात्री त्याला तिथेच ठेवून ऑक्सिजन बघत राहणार आहेत.

तुम्ही शुक्रवारी या, आधी नको. हॉस्पिटलात तासन्‌तास बाकावर बसून तुझा गुडघा सुजेल, एवढंच. दिवाण तुझ्यासाठी मोकळा केलाय, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवलाय. बाबांचा गवती चहा आणून ठेवलाय.

माझा कान ठणकायचा तेव्हा बाबा तव्यावर रुमाल गरम करून शेकायचे, तू लसणाचं तेल सोडायचीस आणि मी तुझ्या मांडीवरच झोपायचे. अजून कधी डोकं दुखलं की तोच वास हवासा वाटतो. पण चिनूच्या कानात तेलाचा थेंबही नको! काढा नको, चिवडा-चकली नको. गार केलेला मऊ भात, दही, आइस्क्रीम चालेल; पाणी मात्र सारखं पाजायचं. घशात पांढरं दिसेल, तोंडाला वास येईल. तो पू नाही, घाबरू नका. आठवड्याभराने खपली सुटते, तेव्हा लाल रक्त दिसलं तर मी ऑफिसात असले तरी माझी वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठायचं.

आणि बाबा, आई म्हणते तुम्हीही घोरताना मध्येच थांबता. बीपीची गोळी वाढवूनही बीपी उतरत नाही, त्याचं मूळ इथेही असू शकतं. तुमच्या तपासणीची वेळ घेऊन ठेवली आहे. "मला काय झालंय" हे वाक्य ऐकून घेणार नाही. जुनी फाइल आणा, ती कपाटात वरच्या कप्प्यात आहे, आईला स्टुलावर चढवू नका.

तुमची,
मनू