जात रजिस्टरात राहू द्या, हजेरीपटावर नको

महोदय,

शाळा सुरू व्हायची वेळ आली की 'दाखल्यावरची जात काढून टाका' ही मागणी वाचकपत्रांत हमखास येते. हेतूबद्दल शंका नाही, पण यात नुकसान नेमके त्यांचेच होते ज्यांच्यासाठी ही मागणी केली जाते. जातीचे प्रमाणपत्र काढताना अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. ज्या घरात सातबारा नाही तिथे हा पुरावा बहुधा एकच असतो: आजोबा दुसरी-तिसरीपर्यंत शिकले त्या शाळेच्या जनरल रजिस्टरातली, म्हणजे प्रवेश नोंदवहीतली, ओळ. ती जपायलाच हवी, आणि आजची नोंदही नीट व्हायला हवी. घाईत नुसते 'हिंदू' लिहून पुढची जागा मोकळी सोडली जाते, कधी आडनावच जात म्हणून चढते. चूक उघडी पडते ती बारावीनंतर, जात पडताळणी समितीपुढे. मग दुरुस्तीसाठी हेलपाटे सुरू होतात आणि तोवर प्रवेशाची मुदत निघून जाते. म्हणून प्रवेशाच्या वेळीच वडिलांचे किंवा चुलत्याचे प्रमाणपत्र शेजारी ठेवून नोंद करावी, पालकांना ती कार्यालयात वाचून दाखवावी आणि मगच सही किंवा अंगठा घ्यावा.

जात नको आहे ती हजेरीपटावर. अनेक शाळांत नावाशेजारी प्रवर्गाचा रकाना असतो, मुलींची नावे लाल शाईत असतात, आणि तो हजेरीपट वर्गाच्या टेबलावर उघडा पडलेला असतो. मॉनिटर तो उचलून आणतो, वाचतोही. कारण विचारले तर सांगतात, मासिक पत्रकात प्रवर्गवार पट भरायचा असतो. पण तो आकडा जनरल रजिस्टरात आहे, ऑनलाइन नोंदीतही आहे. जूनमध्ये एकदा वर्गवार गोषवारा काढून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवला आणि नवा प्रवेश किंवा गळती झाली की त्यातच फेरफार केला, तर वर्गशिक्षकांच्या हजेरीत क्रमांक आणि नाव एवढेच पुरते.

याहून वाईट प्रकार शिष्यवृत्तीच्या दिवसांत होतो. 'एस.सी.वाल्यांनी हात वर करा, एन.टी.वाल्या उभ्या राहा.' मागास मुलींची सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती पाचवी ते सातवीला वर्षानुवर्षे महिना 60 रुपये राहिली, तीही दहा महिने. दारिद्र्यरेषेखालच्या मागास घरांतील पहिली ते चौथीच्या मुलींचा उपस्थिती भत्ता तर दिवसाला 1 रुपया. त्या रुपयापायी सात वर्षांच्या पोरीला पन्नास डोळ्यांसमोर उभे करायचे! यादी कार्यालयातच करता येते. कागद कमी असतील तर पालकांना चिठ्ठी द्यावी, घडी घालून, आणि त्याच दिवशी आधार किंवा बँकखात्याच्या कागदांसाठी इतरांनाही चिठ्ठ्या द्याव्यात, म्हणजे कोणाची कशासाठी ते कळत नाही. गणवेशाचे उदाहरण सगळ्यांनी पाहिले आहे. तो सर्व मुलींना आणि मुलांपैकी फक्त अनुसूचित जाती, जमाती व दारिद्र्यरेषेखालच्यांना मिळे, तोवर नवा कोरा शर्ट म्हणजे बिल्लाच होता. 2023 पासून उरलेल्या मुलांनाही तो मिळू लागला आणि शर्टावरून काही ओळखायची सोयच राहिली नाही.

कामाच्या पाळ्यांचेही तसेच. माठात पाणी कोण भरतो, व्हरांडा कोण झाडतो, खिचडी कोण वाढतो हे 'जो तयार असेल तो' यावर सोडले की झाडू त्याच चार हातांत जातो. हजेरी क्रमांकाप्रमाणे पाळी लावावी, फळ्याच्या कोपऱ्यात लिहावी, मुलगा-मुलगी असा भेद न करता. स्नेहसंमेलनाला पाहुण्यांच्या स्वागताचे ताट मात्र गोऱ्या, 'दिसायला छान' मुलींकडे जाते. तिथेही हाच क्रमांक चालवावा. वंशभेद म्हटले की आपल्याला अमेरिका आठवते. हे ताट आठवत नाही.

कंपासपेटी हरवली तर पारध्याच्या पोराचे दप्तर आधी उपसू नये. दप्तर कोणाचेच उघडू नये. सापडलेली वस्तू मधल्या सुट्टीत कार्यालयासमोरच्या खोक्यात टाकायची, विचारणा नाही, एवढे जाहीर केले तर बहुतेक वस्तू परत येतात.

एवढे होऊनही शाळा ऐकत नसेल तर शिक्षणहक्क कायदा, 2009 हाताशी आहे. कलम 17 शारीरिक शिक्षेइतकाच मानसिक छळही निषिद्ध ठरवते. अनुदानित व सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक, एकूण निम्म्या स्त्रिया आणि वंचित घटकांतील पालकांना प्रमाणात जागा हव्यात. प्रत्यक्षात सह्यांपुरती नावे असतात, म्हणून इतिवृत्ताची प्रत मागावी. कलम 32 प्रमाणे लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हा परिषद किंवा महापालिकेकडे, करता येते. तीन महिन्यांत निर्णय न झाला किंवा तो पटला नाही तर राज्य बालहक्क आयोगाकडे दाद मागता येते. अर्ज मात्र दोन प्रतींत न्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नये. पोच नसेल तर ते तीन महिने मोजायचे कुठून?

— काही निवृत्त केंद्रप्रमुख व शिक्षक