संगणकाचा खर्च प्रकल्पातच धरा

महोदय,

सामाजिक संस्थांच्या निधीटंचाईवरील लेख (रविवार पुरवणी) वाचला. देणगीदार वह्या, दप्तरे, शिलाई यंत्रे हौसेने देतात (फोटोही छान येतो). लाभार्थ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संगणकाचे नाव काढले, की ‘हा प्रशासकीय खर्च’ म्हणून अर्ज बाजूला पडतो. कंपन्यांनी सामाजिक कामांवर करायच्या खर्चाच्या (सीएसआर) नियमांत अशा प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे, हे खरे. पण २०२१च्या सुधारणेनुसार ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराला लागू होते. प्रकल्पाची अंमलबजावणी आणि देखरेख यांवरचा थेट खर्च तीत धरला जात नाही. तेव्हा शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या उद्योजकांनी संगणक, सॉफ्टवेअर आणि वार्षिक देखभालीचे पैसे प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच मंजूर करावेत. संस्थांनीही ही मागणी ‘किरकोळ खर्च’ या रकान्यात लपवू नये.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर