तुझ्या सनदेविषयी, आणि थॅडियस स्टीव्हन्सविषयी

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

"ज्याला हरवायला नको होतं, त्याच्याविरुद्ध जिंकलो, आता वकिलीची सनद परत करतो," असं तू फोनवर म्हणालास. तेव्हापासून थॅडियस स्टीव्हन्स हा अमेरिकन वकील माझ्या डोक्यातून जात नाही.

१७९२ साली व्हरमाँटमध्ये जन्म. पाय जन्मतःच अधू, बाप घर सोडून गेलेला. आईने काबाडकष्ट करून शिकवलं. पेनसिल्व्हेनियात गेटिसबर्गला त्याने वकिली थाटली. १८२१ मध्ये त्याने मेरीलँडच्या एका गुलाममालकाचं वकीलपत्र घेतलं. पेनसिल्व्हेनियात सहा महिने राहिलेला गुलाम मुक्त, असा तिथला कायदा होता. त्या मालकाची गुलाम चॅरिटी बटलर हिच्या तिथल्या वेगवेगळ्या खेपांचे दिवस मिळून सहा महिने भरत होते. स्टीव्हन्सने मुद्दा काढला: मुक्काम सलग हवा, तुकड्यांची बेरीज चालणार नाही. कोर्टाने तो मानला आणि चॅरिटी मुलींसकट पुन्हा गुलामीत गेली.

पुढे हाच माणूस पळून आलेल्या गुलामांसाठी कोर्टात उभा राहू लागला. पेनसिल्व्हेनियाच्या १८३८ च्या राज्यघटनेने कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेतला, तर घटनासमितीत असूनही त्याने तिच्यावर सही केली नाही.

मला मात्र त्याचं १८३५ चं भाषण सगळ्यांत मोठं वाटतं. मोफत शाळांचा कायदा वर्षभरातच रद्द व्हायला निघाला होता. आमची मुलं तिथे जात नाहीत, मग कर का भरायचा, अशी लोकांची ओरड. त्यावर तो विधानसभेत म्हणाला की गुन्हेगारांना शिक्षा देण्यासाठी तुम्ही आनंदाने कर भरता, आणि माणूस गुन्हेगारच होऊ नये यासाठी मागितला की कुरकुरता! कायदा टिकला.

नंतर काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, गुलामगिरी संपवणाऱ्या तेराव्या आणि समान संरक्षण देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीसाठी तो झटला. मुक्त झालेल्या कुटुंबांना बड्या जमीनदारांच्या जप्त जमिनीतून ४० एकर द्या, ही त्याची मागणी मात्र काँग्रेसने मान्य केली नाही. मला ती आजही रास्त वाटते. १८६८ मध्ये तो वारला. वर्णभेद पाळणाऱ्या दफनभूमी नाकारून त्याने लँकेस्टरमधली सर्वांसाठी खुली जागा निवडली होती, आणि तसं का केलं ते थडग्यावर कोरून घेतलं.

चॅरिटीला यातलं काहीच मिळालं नाही, सुहास. ते पारडं हलकं होत नाही. पण १८२१ लाच त्याने वकिली सोडली असती, तर बाकीच्यांनाही काही मिळालं नसतं. तुझ्या अशिलाने हरवलेला माणूस अपिलात जाणार असेल, तर त्याला चांगला वकील गाठून दे. तुला स्वतःला ती बाजू घेता येणार नाही, पण पुढच्या अशा माणसाचं वकीलपत्र घेता येईल. सनद तूर्त कपाटातच राहू दे.

वहिनींना नमस्कार. उत्तराची वाट पाहतो.

तुझा,
अविनाश